‘अभ्यास कर’ हे वाक्य एकच, मग चार मुलं चार तऱ्हेनं का वागतात?

नेरमधलं कुठलंही घर घ्या. दहावीचा निकाल लागला की पहिला प्रश्न असतो, शिकवणी यवतमाळला लावायची की अमरावतीला? एकदा ते ठरलं की पुढची दोन वर्षं घरात एक वाक्य रोज ऐकू येतं, "अभ्यास कर."

वाक्य एकच, पण एक मुलगी कुणी सांगायच्या आधीच वही उघडून बसलेली असते. तिचा भाऊ विचारतो, "हे शिकून होणार काय?" शेजारचा मुलगा सर वही तपासणार असतील तरच लिहितो. चौथा पुस्तक उघडणारच होता, पण आईनं सांगितलं म्हणून मोबाइल हातात घेतो.

हे चार प्रकार कोणते?

अमेरिकन लेखिका ग्रेचेन रुबिन यांनी २०१७ मध्ये ‘द फोर टेन्डन्सीज’ या पुस्तकात अशी विभागणी मांडली. अपेक्षा दोन प्रकारच्या असतात: लोकांनी आपल्याकडून केलेली आणि आपण स्वतःकडून केलेली.

• अपहोल्डर: दोन्ही पाळतात. वेळापत्रक बिघडलं की यांचा जीव कासावीस होतो.
• क्वेश्चनर: कारण पटलं तरच करतात.
• ऑब्लायजर: दुसऱ्याला दिलेला शब्द पाळतात, स्वतःला दिलेला राहून जातो.
• रेबेल: सांगितलं की उलट करतात. स्वतःवरही सक्ती चालत नाही.

रुबिन यांच्या मते सगळ्यात जास्त लोक ऑब्लायजर असतात आणि सगळ्यात कमी रेबेल.

यात शास्त्र किती?

रुबिन मानसशास्त्रज्ञ नाहीत, त्यांचं शिक्षण कायद्याचं. ही विभागणी त्यांच्या निरीक्षणातून आलेली आहे, त्यामुळे तिला रक्तगटासारखं पक्कं समजू नये. एकच माणूस ऑफिसात एक आणि घरी दुसरा असू शकतो. पण यातल्या काही गोष्टींना संशोधनाचा आधार आहे. स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की माणूस मुद्दाम उलट वागतो, हे जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्येच मांडलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा घ्या. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू द्यायची, ही तेव्हाची रीत. त्यांनी गोडाचं जेवण दिलं. लोकांची अपेक्षा त्यांनी मोडली, पण स्वतःला पटलेली गोष्ट जन्मभर पाळली. गावात गेले की कुणी न सांगता झाडू हातात घ्यायचे.

२०००-०१ मध्ये राज्य सरकारनं त्यांच्याच नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. त्यात स्पर्धा होती, बक्षीस होतं, तपासणीला बाहेरून समिती येणार होती. बाबांना यातलं काहीच लागलं नव्हतं. गावाला मात्र लागलं, कारण बहुतेक माणसं कुणी पाहणारं असलं की कामाला लागतात. यात कमीपणा नाही. समिती येण्याच्या आदल्या दिवशी गाव कसं लख्ख होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मग काळजी कुणाची करायची?

घरात सगळ्यांचं लक्ष बंडखोर पोराकडे असतं. माझ्या मते जास्त लक्ष ‘गुणी’ पोराकडे द्यायला हवं. तो नाही म्हणत नाही. वडिलांसाठी इंजिनिअरिंगला जातो, मग मामा म्हणतात म्हणून स्पर्धा परीक्षा देतो. मी स्वतः इंजिनिअर आहे. आमच्या वर्गात "तुला हे करायचं होतं का?" असं विचारलं असतं, तर अनेकांना उत्तर देता आलं नसतं, कारण तो प्रश्न त्यांना आधी कुणी विचारलाच नव्हता. अशी माणसं कुरकुर न करता ओझं वाढवून घेतात आणि एक दिवस अचानक सगळं सोडून देतात. रुबिन याला ‘ऑब्लायजरचं बंड’ म्हणतात. घरच्यांना मात्र ते आभाळ कोसळल्यासारखं वाटतं.

हे फक्त मुलांचं नाही. बहिणीचं लग्न, भावाची फी आणि कृषी केंद्राची उधारी एकट्यानं अंगावर घेणारा कास्तकारही असाच गप्प असतो. त्याच्या संकटाचं मूळ भाव, पाऊस आणि कर्जात आहे, स्वभावात नाही. पण स्वभावामुळे ते संकट घरच्यांना उशिरा कळतं.

घरात काय करता येईल?

• ‘का’ विचारणाऱ्याला कारण सांगा. "मी सांगतो म्हणून" हे कारण नव्हे.
• बंडखोराला पर्याय आणि परिणाम सांगा, निर्णय त्याच्यावर सोडा.
• नियम पाळणाऱ्याला एखादा दिवस चुकला तरी चालतं, हे सांगा.
• ऑब्लायजरला सोबत लागते. रोज फोन करून "किती झालं?" विचारणारा मित्र पुरतो. पण त्याला नाही म्हणायची मुभाही द्या आणि तो नाही म्हणाला तर तोंड पाडू नका.

यंदा निकालानंतर शिकवणीची फी भरण्याआधी पोराला एकदा विचारा, "तुला काय वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

(मनावर ताण असह्य होत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.)