मोटरचं भूत

शनिवार सकाळ. चहा झाला, पेपर वाचून झाला, आणि आज लॅपटॉपला हात लावणार नाही असं बायकोला सांगून झालेलं असल्यामुळे अर्थातच लॅपटॉप उघडला आहे. :-)

परवा ऑफिसात टीममधल्या एका नव्या मुलाने विचारलं, "सर, घरी होम असिस्टंट टाकलंय. आता त्याला स्वतः बनवलेल्या गोष्टी जोडायच्यात. सुरुवात कुठून करू?" मी म्हटलं, "आधी ती गोष्ट बंद कशी करायची ते ठरव." त्याला वाटलं मी टाळतोय. टाळत नव्हतो, पण उत्तर कॅन्टीनच्या रांगेत देण्याएवढं लहान नव्हतं. म्हणून इथे.

ज्यांना हा रोग अजून लागलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. होम असिस्टंट हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर. पॉलस शाउट्सन नावाच्या माणसाने 2013 मध्ये पायथॉनमध्ये लिहायला सुरुवात केली, आज जगभरचे हौशी लोक त्यात भर घालतात. घरातल्या एखाद्या छोट्या कॉम्प्युटरवर ते बसतं आणि दिवे, पंखे, सेन्सर, सगळ्यांना एका जागी आणतं. पण खरी गंमत पुढे आहे. 2014 मध्ये ईएसपी 8266 नावाची वायफायवाली चिप बाजारात आली, आणि दोन-अडीचशे रुपयांच्या बोर्डात आपलं स्वतःचं "स्मार्ट" यंत्र बनवणं कुणालाही जमायला लागलं. ईएसपीहोम वापरलं तर कोडसुद्धा लिहावं लागत नाही, वीस-पंचवीस ओळींची यादी लिहिली की झालं. तपकीर गल्लीत एक चक्कर मारायची, पिशवीभर वस्तू आणायच्या, आणि रविवार सार्थकी लागतो.

तर आमची टाकी.

आई-बाबा साताऱ्याला असतात. नळाला पाणी सकाळी तासभर, ते खाली हौदात पडतं, तिथून मोटर लावून गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवायचं. टाकी भरली का हे बघायला आई लोखंडी शिडीने वर जायची. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. एका पावसाळ्यात तिचा पाय सटकला. पडली नाही, पण शिडीचा कठडा धरून तशीच उभी राहिली, बाबा येईपर्यंत. हे मला चार दिवसांनी कळलं, आणि तेही शेजारच्या काकूंकडून.

बाजारात वॉटर लेव्हल कंट्रोलर तयार मिळतो. बाबांनी तेच सुचवलं होतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर आईच्या शिडीचा प्रश्न त्याने सुटला असता. पण मला पुण्यात बसून टाकीची पातळी बघायची होती, आज नळाला पाणी आलंच नाही तर संध्याकाळच्या आत टँकर सांगता यावा असं वाटत होतं. आणि... मला बनवायचं होतं. हे तिसरं कारण पहिलं होतं हे आता कबूल करायला हरकत नाही.

टाकीच्या झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. आवाज खाली सोडायचा, पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. 20 अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, म्हणजे पाणी एक मीटर खाली असेल तर जाऊन-येऊन सहा मिलिसेकंदांपेक्षा थोडं कमी. दुपारी काळ्या टाकीतली हवा 50 अंशांवर गेली की वेग 360 च्या आसपास होतो, आणि पाणी आहे त्यापेक्षा पाच सेंटिमीटर वर आल्यासारखं दिसतं. हे ठीक. पण वॉटरप्रूफ सेन्सरला जवळचं दिसत नाही, वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत काहीही आकडा येतो. म्हणजे टाकी भरत आली की नेमका तेव्हाच तो आंधळा! टाकी थोडी रिकामी असतानाच "भरली" असं समजायचं ठरवलं आणि पुढे गेलो.

खाली मोटरपाशी दुसरा बोर्ड, त्यावर रिले, पुढे कॉन्टॅक्टर. (रिलेवर "10 ॲम्पिअर" छापलेलं बघून थेट मोटर जोडू नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, आतले काटे चिकटतात, आणि मग फोनवर "बंद" दिसतं आणि मोटर चालूच.) एवढी अक्कल मला होती. बाकीची नव्हती. मोटरचा जुना लाल-हिरव्या बटणांचा स्टार्टर मी "आता याचं काय काम" म्हणून काढून टाकला आणि माझ्या डब्यावर एक छोटं काळं बटण दिलं. ते बटणही बोर्डालाच जोडलेलं. कधी चालू, कधी बंद हे सगळं डोकं होम असिस्टंटमध्ये, म्हणजे हॉलमधल्या रास्पबेरी पायमध्ये. वीज जाऊन आली तर टाकी अर्धी राहू नये म्हणून बोर्डाला सांगून ठेवलं होतं की जागा झालास की मोटर चालू कर. टाकी भरलेली असेल तर पाय बंद करेलच की पाच सेकंदांत.

सात महिने सुरेख चाललं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला डबा दाखवायचे.

एप्रिल 2024, मंगळवार दुपार. मी मीटिंगमध्ये. बाबांचा फोन. "अरे, टाकी वाहतेय, मोटर बंद होत नाहीये." काळं बटण दाबा म्हटलं. दाबलं, झाली बंद. पंधरा मिनिटांनी परत फोन. "परत चालू झाली." परत दाबलं. आणखी पंधरा मिनिटांनी, "मी हात लावला नाही हो, आपोआप लागली." मागून आईचा आवाज, "भूतबाधा झालीय मोटरला." मी फोनवर ॲप उघडलं तर सगळीकडे "अनुपलब्ध". म्हटलं, वायफायचं काहीतरी असेल, रात्री बघतो. चौथ्या वेळी फोन आला नाही. मला वाटलं प्रश्न सुटला. त्यांनी बटण दाबलं होतं आणि दोघं आईच्या डोळ्यांच्या तपासणीला निघून गेले होते.

भूत सापडायला मला रात्रीचा एक वाजला. रास्पबेरी पायचं एसडी कार्ड मेलं होतं. होम असिस्टंट सेन्सरचे आकडे सतत त्यावर लिहीत असतं, कार्डं त्याने झिजतात हे मला माहीत होतं, "पुढच्या वेळी बदलू" या यादीत होतं. आता ईएसपीहोमच्या बोर्डाचा एक ठरलेला स्वभाव आहे. होम असिस्टंटशी पंधरा मिनिटं संपर्क झाला नाही तर तो स्वतःला रीस्टार्ट करतो. वाईट हेतू नाही, अडकलेली गोष्ट बंद-चालू केली की बहुतेक वेळा सुधारते. तापमापकासाठी किंवा बेडरूमच्या दिव्यासाठी एकदम शहाणपणाचं. माझा बोर्ड दर पंधरा मिनिटांनी जागा व्हायचा, आणि जागा झाल्यावर काय करायचं ते मीच सांगून ठेवलं होतं.

सातला दोघं परत आले तेव्हा हौद कोरडा, दोन दिवसांचं पाणी गच्चीवरून रस्त्यावर, मोटर कोरडीच घरघरतेय आणि जळका वास. पंपाचं सील पाण्यानेच थंड राहतं, पाणी नाही तर ते जळतं. बाबांनी त्यांच्या नेहमीच्या वायरमनना बोलावलं. त्यांनी माझा डबा उघडला, खालून-वरून बघितला आणि फोन मागून घेऊन मला विचारलं, "सायेब, सगळं झ्याक हाय, पण ह्येला बंद करायचं बटन कुठंय?"

मी म्हटलं, काळं आहे ना. ते म्हणाले, "त्ये बटन न्हाई, त्ये विनंती हाय."

पंधरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, माझ्या डिझाइनचा इतका नेमका रिव्ह्यू कोणी केला नव्हता.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. बाबांना मी नंतर विचारलं, मेन स्विच का नाही पाडलात? तर म्हणाले, "आलं होतं मनात. पण तुझं ते कॉम्प्युटर बिघडेल म्हणून नाही पाडला." म्हणजे चाळीस वर्षं स्वतःच्या घराची वायरिंग करणाऱ्या माणसाला मी त्याच्याच घरात पाहुणा करून ठेवला होता.

यावर "म्हणूनच ब्रँडेड घ्यावं" असं म्हणणारे मित्र आहेत. ते मला पटत नाही. रिव्हॉल्व नावाचा हब होता, 2014 मध्ये नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि मे 2016 मध्ये सर्व्हर बंद केले. लोकांनी पैसे देऊन घेतलेले डबे दगड झाले. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर असेच अचानक गेले, पुढे वापरणाऱ्यांच्याच एका गटाने ती कंपनी घेतली म्हणून निभावलं. अमेरिकेत गॅरेजची दारं उघडणारी यंत्रं बनवणाऱ्या चेंबरलेनने 2023 मध्ये बाहेरच्या सॉफ्टवेअरचा रस्ता बंद केला, आणि होम असिस्टंटला त्यांची जोडणी काढून टाकावी लागली. तेव्हा लोकांच्या कामी आला तो रॅटगडो नावाचा, एका हौशी माणसाने बनवलेला छोटासा बोर्ड. तो भिंतीवरच्या बटणाच्याच तारांना जोडायचा, आणि भिंतीवरचं बटण आपल्या जागी राहतं. मला त्यातलं हे शेवटचं वाक्य आता सगळ्यात मोलाचं वाटतं. बोर्ड जळाला तरी घरातली म्हातारी भिंतीवरचं बटण दाबून दार उघडू शकते.

हौशी जोडकामाची दुसरी तऱ्हा म्हणजे सॉफ्टवेअरमधली. कम्युनिटी स्टोअरमधून दोन क्लिकमध्ये कोणाचंही लिहिलेलं मॉड्यूल टाकता येतं. होम असिस्टंट लॉगमध्ये इशारा देतं की बाबा रे, हे आम्ही तपासलेलं नाही, पण लॉग कोण वाचतंय? हे मॉड्यूल मूळ प्रोग्रॅमच्या पोटातच चालतं, मध्ये भिंत नाही. जानेवारी 2021 मध्ये अशा बऱ्याच मॉड्यूल्समध्ये, अगदी त्या स्टोअरमध्येसुद्धा, एक भोक सापडलं होतं, लॉगिन न करता बाहेरच्याला फाइली वाचता येत होत्या. आणि होम असिस्टंट दर महिन्याला बदलतं, मॉड्यूल लिहिणारा मात्र एकटा असतो. त्याला मूल झालं, नोकरी बदलली, कंटाळा आला, की तुमच्या गीझरचं वेळापत्रक अनाथ. त्याला शिव्या देऊ नका. साताऱ्यात मी तोच आहे.

म्हणून त्या मुलाला माझं म्हणणं एवढंच होतं की बनव, भरपूर बनव, पण घरात राहणाऱ्याच्या हातातलं काढून घेऊन बनवू नकोस. तुझं यंत्र जुन्या स्विचच्या शेजारी बसव, त्याच्या जागी नको. आणि ज्याने नुकसान होऊ शकतं त्याचं डोकं सगळ्यात खाली ठेव, शक्यतो तारेत, नाहीतर चिपमध्ये, हॉलमधल्या कॉम्प्युटरमध्ये तर नकोच.

आमच्याकडे मे महिन्यात सगळं उलगडून परत बांधलं. 230 व्होल्टचं काम वायरमनकाकांनी केलं, मी टॉर्च धरला. जुना स्टार्टर माळ्यावरून खाली आला. शेजारी एक सिलेक्टर स्विच, ऑटो किंवा हाताने. वरच्या टाकीत एक आणि हौदात एक असे दोन साधे फ्लोट स्विच, दोन्ही कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीतच. टाकी भरली किंवा हौद आटला की तारच तुटते, मग चिपला काहीही वाटो. बोर्ड जागा झाला की मोटर आता बंदच राहते, दर पंधरा मिनिटांचा रीस्टार्ट काढून टाकला, आणि सलग पंचवीस मिनिटांच्या वर मोटर चालवायची नाही हे चिपमध्येच लिहिलं. रास्पबेरी पायला एसडी कार्डाऐवजी एसएसडी. तो आता फक्त आकडा दाखवतो आणि हौद सकाळी भरला नाही तर मला मेसेज पाठवतो. म्हटलं तर सगळा "स्मार्टपणा" एवढाच उरला. पण आई शिडी चढत नाही.

मागच्या आठवड्यात गेलो तर सिलेक्टर "हाताने"वर होता. पाहुणे होते, टाकी दोनदा भरायची होती, म्हणून बाबांनी फिरवला आणि तसाच ठेवला. मी काही बोललो नाही. फोनवर पातळी बघितली, 82 टक्के. मग न राहवून स्वतःच गच्चीवर जाऊन झाकण उघडून बघितलं. दुपारचे दोन वाजले होते, टाकीत आकड्यापेक्षा जरा कमीच पाणी होतं. उन्हाचा फरक. झाकणाच्या आत एक तापमानाचा सेन्सर लावला तर सहज दुरुस्त होईल.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.