दार बंद झाल्यावर आलेलं फीचर: लिनक्समधून बीकॅशएफएस का बाहेर गेली?

लिनक्स कर्नलची ६.१८ ही आवृत्ती ३० नोव्हेंबर २०२५ रोजी आली. दर आवृत्तीत काहीतरी नवीन येतं. या वेळी मात्र एक मोठी गोष्ट गेली: बीकॅशएफएस नावाची फाइल सिस्टीम. डिस्कवर तुमच्या फाइल्स कुठे आणि कशा ठेवायच्या हे ठरवणारा भाग म्हणजे फाइल सिस्टीम. बीकॅशएफएस जानेवारी २०२४ मध्ये, ६.७ आवृत्तीतून, मुख्य कर्नलमध्ये आली होती. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत तिचा सगळा कोड काढून टाकला गेला.

या प्रकरणाकडे बरेच जण दोन हट्टी माणसांचं भांडण म्हणून पाहतात. एका बाजूला लिनस टॉरव्हाल्ड्स, दुसऱ्या बाजूला बीकॅशएफएसचे मुख्य लेखक केंट ओव्हरस्ट्रीट. स्वभावांचा भाग होताच, नाही असं नाही. पण माझ्या मते खरा प्रश्न साधा आहे आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअर टीमला पडतो: सगळ्यांच्या सामायिक ब्रँचमध्ये नवीन कोड कधीपर्यंत घ्यायचा, आणि त्यानंतर कुणी अगदी कामाची गोष्ट घेऊन आलं तर काय करायचं?

आधी ब्रँच समजून घेऊ

ब्रँचला मराठीत फांदी म्हणतात खरं, पण फांदी खोडाला परत येऊन मिळत नाही. उपनदीची कल्पना जास्त जवळची. मूळ कोडपासून वेगळा प्रवाह काढायचा, त्यात हवे ते बदल करायचे, आणि तयार झालं की मुख्य प्रवाहात सोडायचं. या सोडण्याला 'मर्ज' म्हणतात.

लिनक्समध्ये नेटवर्क, ग्राफिक्स, फाइल सिस्टीम अशा प्रत्येक भागाचा सांभाळ करणारे मेंटेनर असतात. त्यांच्या स्वतःच्या ब्रँच असतात आणि तिथे त्यांचं राज्य असतं. टॉरव्हाल्ड्स यांची ब्रँच मात्र सगळ्यांची मुख्य नदी. तिचं वेळापत्रक ठरलेलं आहे. नवीन आवृत्ती निघाली की दोन आठवडे 'मर्ज विंडो' उघडी राहते. या दोन आठवड्यांत सगळे मेंटेनर आपापली नवी फीचर्स पाठवतात. एका आवृत्तीत साधारण दहा हजारांहून जास्त बदल जमा होतात. मग विंडो बंद होते आणि 'आरसी १' निघते. आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, प्रकाशनाआधीची चाचणी प्रत. त्यानंतर दर आठवड्याला एक आरसी, सहसा आरसी ७ किंवा ८ पर्यंत. या काळात फक्त दुरुस्त्या घ्यायच्या, नवं फीचर नाही. नऊ-दहा आठवड्यांत आवृत्ती बाहेर, आणि विंडो पुन्हा उघडते.

२०२५ मध्ये काय झालं?

६.१६ च्या आरसी टप्प्यात ओव्हरस्ट्रीट यांनी दुरुस्त्यांच्या गठ्ठ्यात एक नवी सोय पाठवली. फाइल सिस्टीम बिघडली तर तिची नोंदवही मागे फिरवून हरवलेला डेटा परत मिळवायची सोय. टॉरव्हाल्ड्स यांचं म्हणणं, हे फीचर आहे, पुढच्या विंडोत पाठवा. ओव्हरस्ट्रीट यांचं म्हणणं, लोकांचा डेटा जातोय, त्यांना हे आत्ता हवंय. आणि फाइल सिस्टीमवर 'प्रायोगिक' असं लेबल आहेच, त्यामुळे इतरांना धोका नाही.

हा खटका पहिला नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये, ६.११ च्या आरसी टप्प्यातही बीकॅशएफएसकडून आलेल्या बदलांचा आकार पाहून टॉरव्हाल्ड्स वैतागले होते. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी तो कोड घेतला, पण सोबत जाहीर सांगितलं की ६.१७ च्या विंडोत आपले रस्ते बहुधा वेगळे होतील. ६.१७ ची विंडो आली आणि गेली, बीकॅशएफएसचे बदल घेतलेच नाहीत. ऑगस्टअखेर कर्नलच्या मेंटेनर यादीत तिच्यापुढे 'बाहेरून सांभाळलं जातं' अशी नोंद झाली, आणि ६.१८ मध्ये कोडच गेला.

डेटा वाचवणारं फीचर का अडवायचं?

पहिल्यांदा वाचताना माझं मन ओव्हरस्ट्रीट यांच्या बाजूला झुकलं. कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचा धंद्याचा हिशेब डिस्कवर अडकलाय, ते काढायची किल्ली तयार आहे, आणि आपण कॅलेंडर दाखवतोय? हे कुणालाही निष्ठुर वाटेल.

पण आरसी टप्पा कशासाठी असतो ते बघा. लिनक्सकडे सगळी हार्डवेअर तपासणारं एकच केंद्र नाही. जगभरातल्या कंपन्या आणि हौशी लोक आपापल्या मशीनवर आरसी चालवून पाहतात. आरसी ३ वर पास झालेली चाचणी आरसी ४ लाही लागू पडते, कारण मध्ये फक्त लहान दुरुस्त्या आल्या असतील असा भरवसा असतो. त्यात नवं फीचर शिरलं की त्या भागाची आधीची तपासणी जुनी झाली. शिवाय घाईत घातलेला कोड जर डेटा परत मिळवण्याचाच असेल, तर त्यातली चूक सगळ्यात महागात पडते.

आणि दुसरा मार्ग उपलब्ध होता. ज्याचा डेटा खरंच अडकलाय, तो ओव्हरस्ट्रीट यांच्या ब्रँचमधून कर्नल बांधून घेऊ शकतो. ते सोपं नाही, पण अशक्यही नाही. स्वतंत्र ब्रँच असतात त्या यासाठीच. ज्याला घाई आहे त्याने धोका पत्करावा, बाकीच्यांवर तो येऊ नये.

एसटी आणि लोकल

या शिस्तीमागे जुना अनुभव आहे. पूर्वी लिनक्समध्ये सम-विषम पद्धत होती: २.४ स्थिर, २.५ विकासाची, मग पुन्हा २.६ स्थिर. २.४ जानेवारी २००१ मध्ये आली, २.६ डिसेंबर २००३ मध्ये. म्हणजे नवं फीचर स्थिर आवृत्तीत यायला जवळपास तीन वर्षं. तेवढं कोण थांबणार? लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांनी २.५ मधली फीचर्स उचलून आपापल्या २.४ मध्ये बसवली. नाव एकच, पण प्रत्येकाचा कर्नल वेगळा. पुढे ही पद्धत सोडली गेली आणि छोट्या, नियमित चक्रांची सुरुवात झाली. २००५ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांनी गिट लिहिलं, त्यामुळे अशा शेकडो ब्रँच मर्ज करणं सोपं झालं.

दिवसाला एकच एसटी असेल तर लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारच. चार मिनिटांनी पुढची लोकल आहे म्हटल्यावर सुटलेल्या गाडीमागे धावायचं कारण उरत नाही. लिनक्सचा 'नाही' हा नऊ-दहा आठवड्यांचा 'नाही' आहे. विंडो वेळेवर उघडते, म्हणूनच ती वेळेवर बंद करायचा नैतिक हक्क मिळतो.

मग सगळं बरोबर झालं?

नाही. माझ्या मते लिनक्सच्या बाजूनेही दोन गोष्टी चुकल्या. एक, जूनमध्ये नियम वाकवून कोड घेतला आणि शिक्षा पुढच्या विंडोत दिली. त्यापेक्षा तेवढा एक बदल परत पाठवून बाकीच्या दुरुस्त्या घेतल्या असत्या, तर वाद त्या बदलापुरता राहिला असता. दोन, ६.१७ ची विंडो बंद झाल्यावर वापरकर्त्यांना पुढे काय होणार हे कळायला आणखी काही आठवडे लागले. डिस्कवर ज्यांचा डेटा आहे त्यांना आधी सांगायला हवं होतं.

भुर्दंड शेवटी त्यांनाच पडला. आता बीकॅशएफएस डीकेएमएस पद्धतीने, म्हणजे कर्नलबाहेरचं मॉड्यूल म्हणून मिळते. प्रत्येक कर्नल अपडेटनंतर ते मॉड्यूल तुमच्या मशीनवर नव्याने बांधलं जातं. एखाद्या अपडेटला ते बांधलं गेलं नाही, तर ती डिस्क त्या कर्नलवर उघडणार नाही. तुम्ही ती वापरत असाल तर जुना चालणारा कर्नल काढून टाकू नका आणि बॅकअप दुसऱ्या फाइल सिस्टीमवर ठेवा. ६.१८ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे, त्यामुळे हा बदल अनेक सर्व्हरवर वर्षानुवर्षं राहणार.

तुमच्या टीममध्ये चार जण असोत की चारशे, यातून घेण्यासारखं बरंच आहे. मुख्य ब्रँच कधी बंद होते ते लिहून ठेवा. पुढची कधी उघडते ते त्याच ओळीत लिहा, आणि ती तारीख पाळा. 'दुरुस्ती' कशाला म्हणायचं ते आधी ठरवा, कारण घाईच्या वेळी प्रत्येकाला आपलं फीचर दुरुस्तीच वाटतं. आणि कुणाला नाही म्हणायचं असेल तर त्या एका बदलाला म्हणा, त्याच दिवशी म्हणा. माणूस तोडायची वेळ मग सहसा येत नाही.