पथ्य म्हणजे व्रत नव्हे

जेवणानंतर पोट फुगणें, कळा येणें, कधीं वारंवार शौचास धांवावें लागणें तर कधीं दोन-दोन दिवस तें न होणें, ही तक्रार आतां घरोघरीं ऐकूं येते. डॉक्टर या विकारास ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. तपासणींत व्रण किंवा गांठ सांपडत नाहीं, म्हणून घरचीं माणसें ‘मनाचे खेळ’ म्हणून मोकळीं होतात. हा रोग्यावर अन्याय होय. त्याच्या आंतड्यांची संवेदनाच तीव्र झालेली असते. इतरांस जो वायु जाणवतहि नाहीं, तोच त्यास असह्य होतो.

या विकारावरील ज्या पथ्याचा आज बोलबाला आहे, त्याचा विकास मेलबर्न येथील मोनॅश विद्यापीठांत झाला. पीटर गिब्सन व स्यू शेपर्ड यांनीं २००५ सालीं ‘फॉडमॅप’ हा शब्द प्रचारांत आणला. लहान आंतड्यांत नीट न शोषल्या जाणाऱ्या कांहीं शर्करांचें हें सामुदायिक नांव आहे. त्या पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आंतड्यांतील जंतु त्यांस आंबवून वायु उत्पन्न करतात. कांदा, लसूण व गहूं यांतील फ्रुक्टॅन, कडधान्यांतील तत्सम शर्करा, दुधांतील लॅक्टोज, मध व आंबा यांतील जादा फ्रुक्टोज, आणि फ्लॉवरांतील मॅनिटॉल हीं त्यांचीं प्रमुख उदाहरणें होत.

‘आमच्या घरीं कांदालसूण शिजतच नाहीं, तेव्हां पथ्य आपोआप घडतें,’ असें समाधान कोणीं मानूं नये. पोळी, तुरीचें वरण, पेलाभर दूध आणि आमरस हीं त्याच यादींत आहेत! उलट भात, ज्वारीची भाकरी, बटाटा, काकडी, गाजर, वांगें, पपई, संत्रें व साजूक तूप हीं बहुधा सोसतात. ज्यांस लसणीचा स्वाद हवा, त्यांनीं पाकळ्या तेलांत परतून, पाणी घालण्यापूर्वीं काढून टाकाव्या. फ्रुक्टॅन पाण्यांत विरघळतें, तेलांत नाहीं. हिंग चालतो, मात्र बांधानी हिंगांत बहुधा गव्हाचें पीठ असतें, हें ध्यानांत ठेवावें. ग्रहणीविकारांत चरकानें ताकाची प्रशंसा केली आहे, परंतु ग्रहणी व हा विकार एकच असें समजूं नये. ताकांतहि कांहीं लॅक्टोज उरतें.

आतां मुख्य मुद्दा. हें पथ्य आजन्म पाळावयाचें नाहीं. दोन ते सहा आठवडे वरील पदार्थ वर्ज्य करावे. गुण न आल्यास पथ्य सोडून अन्य उपाय पाहावा. गुण आल्यास एका वेळीं एकच वर्ग परत घ्यावा, तीन दिवस त्याचें प्रमाण हळूहळू वाढवावें, आणि काय बाधतें तें टिपून ठेवावें. जें बाधेल तेंच, आणि तेंहि बाधेल इतक्या प्रमाणांतच टाळावें. ज्या शर्करांनीं वायु होतो, त्यांवरच आंतड्यांतील हितकर जंतूंचें पोषण होतें. म्हणून त्यांचा कायमचा त्याग हितावह नाहीं.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ वर्षभर भात-बटाट्यावर राहिले. वजन घटलें, लग्नकार्यास जाण्याचेंहि त्यांनीं सोडलें. पुढें आहारतज्ज्ञांनीं एकेक पदार्थ परत देऊन पाहिला, तेव्हां दोन पोळ्या त्यांस निर्विघ्न पचतात, बाधतात तीं दूध व कांदा, एवढेंच निघालें! वर्षभराचा उपास व्यर्थ गेला.

एक इशारा अवश्य द्यावयास हवा. शौचावाटे रक्त पडणें, अकारण वजन घटणें, पंडुरोग, रात्रीं झोपेंतून उठविणारी पीडा, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली तक्रार, यांपैकीं कांहीं असल्यास आधीं डॉक्टरांकडे जावें. गहूं सोडण्यापूर्वीं सीलिॲक विकाराची रक्ततपासणी करून घ्यावी. गहूं सुटल्यावर ती फसवी ठरूं शकते. मुलें व गर्भवती यांनीं हा प्रयोग स्वतःच्या मतानें करूं नये.

आपल्या वैद्यकांत ‘सात्म्य’ असा एक समर्पक शब्द आहे. ज्याचें त्याचें सात्म्य ज्यानें त्यानें शोधावें, आणि घरच्यांनीं त्या शोधांत थट्टा न करितां साह्य करावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.