घोड्याचे मनगट

वाचकहो, दिवाळी पंधरा दिवसांवर आली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या अंगणांत किल्ले उभे राहू लागतात. दगड, विटांचे तुकडे, जुनी पोती आणि चिखल यांतून शिवनेरी आकार घेतो, त्याच्या उतारावर अळीव पेरले जाते, बाजारातून मावळे येतात. जनावरांच्या बाबतीत मात्र अक्षरशः घोडे अडते. विकत मिळणारी गाय महादरवाजापेक्षा उंच असते आणि घोडा मावळ्याच्या कमरेलाही पोहोचत नाही. ही अडचण आमच्या घरी गेल्या वर्षी कशी सुटली आणि ती सोडवताना माझ्या हातून कोणती चूक घडली, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

आमचे सासरे, ज्यांना घरात सारेच आप्पा म्हणतात, यांना त्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला होता. जीव वाचला, चालणेही काठीच्या आधाराने सुरू झाले, परंतु उजव्या हाताचे मनगट लुळे राहिले. आम्ही प्रेमापोटी त्यांच्या हातातले एकेक काम काढून घेतले. सदऱ्याची बटणे आम्ही लावू लागलो, चहाची बशी आम्ही धरू लागलो, शेंगा निवडायला ते सरसावले तर ‘आप्पा, तुम्ही बसा’ असे म्हणू लागलो. ते बसले. मग बोलणेही कमी झाले. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य ग्रासते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. घरात शांतता आहे, म्हणजे सारे ठीक आहे, असेच मी समजत होते.

माझ्या मुलाला नुसता किल्ला नको होता, लढाईचा प्रसंग हवा होता. त्याने निवडला तो आमच्या जुन्नरचाच. सन १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्रीच्या वेळी दोरशिड्या लावून जुन्नर शहराचा तट ओलांडला आणि मोगलांच्या या ठाण्यावर छापा घातला. त्या छाप्यात रोख रकमेबरोबर दोनशे घोडे हाती लागले. ज्या शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला, तो किल्लाही त्या काळी मोगलांकडेच होता. दोनशे घोडे करणे शक्य नव्हते. सहा करावयाचे ठरले. मुलाने मातीचा पहिला घोडा केला, तो मांजरासारखा दिसू लागला. कंटाळून त्याने सहज विचारले, “आप्पा, घोड्याचा गुडघा पुढे वाकतो की मागे?”

आमचे आप्पा तरुणपणी घाटातल्या बैलगाडा शर्यतींत बैलांपुढे घोडी पळवीत. त्यांनी डाव्या हाताने आपले लुळे मनगट उचलून धरले आणि म्हणाले, “गुरांच्या डॉक्टरांनी मला एकदा दाखवलं होतं. घोड्याचा पुढचा गुडघा म्हणजे माणसाचं हे मनगट. आणि मागच्या पायाला जो कोपरा दिसतो ना, ती त्याची टाच. घोडा टाच उचलून बोटावर चालतो.” कित्येक दिवसांत ते सलग इतके बोलले नव्हते. पुढे म्हणाले, “माती आण इकडं.”

आपल्या घरीही असे जनावर करून पाहावेसे वाटले, तर त्याची रीत सांगते. प्रथम माप ठरवावे. एका फुटाला दोन सेंटिमीटर धरले, तर साडेपाच फुटांचा मावळा अकरा सेंटिमीटरचा होतो आणि खांद्यापाशी साडेचार फूट असलेला देशी घोडा नऊ सेंटिमीटरचा. याहून लहान आकार वृद्ध डोळ्यांना व बोटांना त्रासदायक ठरतो. घोड्याच्या डोक्याची लांबी एकदा निश्चित केली की बाकीचे त्यावरून मोजता येते. खांद्यापर्यंतची उंची साधारण अडीच डोकी आणि धडाची लांबीही जवळजवळ तितकीच. आमच्या मापात डोके साडेतीन सेंटिमीटरचे झाले. मांजराचा घोडा होतो तो या एका हिशेबाने.

नुसत्या मातीचे बारीक पाय वजन पेलत नाहीत. म्हणून मऊ तारेचा सांगाडा करावा आणि तारेवर सुती दोरा गुंडाळावा, म्हणजे माती घसरत नाही. शाडूच्या मातीत थोडा पिंजलेला कापूस मळला की तडे कमी जातात. धड आधी, मान नंतर, पाय शेवटी, असा क्रम ठेवावा. काम थांबवताना ओले फडके झाकावे आणि पूर्ण झालेली आकृती सावलीत सुकवावी. बैल करावयाचा असेल तर वशिंड आणि मानेखालची पोळी विसरू नये. खिलारीची ओळख मात्र लांब, मागे वळलेल्या शिंगांनी पटते.

उरलेले बारकावे घरातल्या टाकाऊ वस्तूंतून होतात. खराट्याच्या काड्या आणि दोरा यांची दोरशिडी झाली. काथ्याचे शेपूट आणि आयाळ झाली. गोणपाटाच्या चिंधीचा तोबरा शिवला. आप्पांच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवरील चंदेरी कागदातून रिकिबी आणि ढालींवरची फुले निघाली. रोज सकाळी गोळी घ्यायला कुरकुर करणारे आप्पा, पाकीट कधी संपते याची वाट पाहू लागले. पागेतल्या घोड्यांना अगाडी-पिछाडी कशी बांधतात, हेही त्यांनीच नातवाला शिकविले. डाव्या हाताने ते दोरी ओढीत आणि उजव्या हाताचे वजन मेखेवर टेकवून ती धरून ठेवीत. लुळा हात निदान वजनासाठी तरी उपयोगी पडतो, हे त्यांचे त्यांनाच उमगले होते.

आता माझी चूक. आप्पांनी तीन दिवस खपून केलेल्या घोड्याचा पुढचा एक पाय वाकडा झाला होता. तो मला पाहवेना. रात्री सारे झोपल्यावर मी तो पाय सरळ केला, मानेला गोलाई दिली, पाठीवरचे बोटांचे ठसे पुसले. सकाळी आप्पांनी घोडा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. “सूनबाई, हा माझा घोडा नाही. तुझा आहे. तिकडं ठेव,” एवढेच ते बोलले. पुढचे दोन दिवस त्यांनी मातीला हात लावला नाही. बटणे, बशी, शेंगा यांच्याप्रमाणे मी त्यांच्याकडून घोडाही काढून घेतला होता.

तिसऱ्या दिवशी मी तो घोडा पाण्यात भिजवून मोडला. मातीचा गोळा आणि तारेचा सांगाडा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “आप्पा, चुकले. परत हात लावणार नाही.” ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितले. मी प्यायचा पेला पुढे केला, तर म्हणाले, “मातीला.”

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काही सूचना येथे आवश्यक आहेत. माती हे औषध नव्हे. पक्षाघातानंतर हात आखडलेला असेल, तर माती जोराने दाबण्याचे काम फिजिओथेरपिस्टना विचारूनच द्यावे. सांधे सुजलेले व दुखरे असतील, त्या दिवशी विश्रांती घ्यावी. हात कापत असल्यास दोन्ही कोपरे टेबलावर टेकवून काम करावे आणि कोरणीच्या दांड्यावर फडके गुंडाळून ती जाड करावी. उजव्या हाताने काम करणाऱ्यास प्रकाश डावीकडून यावा. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावले चालावे. सुकलेली माती कोरडी घासू नये, तिची धूळ छातीत जाते. ओल्या स्पंजने पुसून घ्यावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांच्या किंवा मधुमेहामुळे बोटे बधिर झालेल्यांच्या हाती पाते व तारेची उघडी टोके देऊ नयेत. ते कापण्याचे काम आपण करावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ मणी, खिळे, रंगाच्या डब्या ठेवू नयेत, कारण त्या तोंडात जाण्याचा धोका असतो. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, अन्नावरची वासना जाणे, झोप उडणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्यावर उपचार आहेत.

एवढी काळजी घेतल्यावर जे उरते, ते काम त्यांचे त्यांना करू द्यावे. वेळ लागेल, सांडलवंड होईल, पाय वाकडा होईल. मदत मागितली तरच करावी, आणि मागितली असेल तेवढीच.

दिवाळी सरल्यावर आमचा किल्ला नेहमीप्रमाणे पाण्याने विरघळवला. पाच घोडे मुलाने मित्रांना वाटले. सहावा, वाकड्या पायाचा, आप्पांच्या औषधांच्या डब्याशेजारी उभा आहे. त्यांचे मनगट अजूनही पूर्ण उचलत नाही, पण सदऱ्याची खालची तीन बटणे ते स्वतः लावतात. वरच्या दोहोंसाठी मला हाक मारतात.

वाचकहो, यंदा आपल्या घरी किल्ल्याचा पहिला दगड ठेवला जाईल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही बसून पाहा’ असे म्हणू नका. त्यांना ठाऊक असलेले आणि आपल्याला ठाऊक नसलेले काहीतरी विचारा. बैलाचे शिंग कोठून वळते, गाय बसताना आधी कोणता पाय मुडपते, असे काहीही. आणि उत्तर देताना त्यांचा हात मातीकडे गेला, तर पाण्याचे भांडे जवळ सरकवून आपण थोडे बाजूला व्हा.