तलाव फक्त पदकांसाठी नको

आपल्या लासलगावच्या आसपास पाणी काही लांब नाही. तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, शिवारात विहिरी, कालवे आणि आता जागोजागी शेततळी. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळानं इतका निसरडा होतो, की पोहणाऱ्यालाही वर येणं जड जातं. तरी पोहायला शिकतात ते मुलगे. मुलींना 'पाण्याकडे फिरकू नकोस' एवढंच शिक्षण! मग धुण्याची पाटी घेऊन कालव्यावर जायचं कुणी? तिनंच ना?

म्हणून विद्यापीठाच्या आवारातला जलतरण तलाव हा मला फक्त खेळाडूंचा विषय वाटत नाही. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीची क्रीडानगरी उभी राहिली, तिथं तलाव झाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारात शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे आणि तलावही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आणलं, त्याचा अभिमान आहेच. पण पदक एखाद्यालाच मिळतं, जीव सगळ्यांनाच प्यारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. शाळकरी मुलांना पोहायला शिकवा, असं ही संघटना आवर्जून सांगते.

आपल्याकडची महाविद्यालयं ज्या पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं. मग पोहण्याचा पहिला मान खेड्यातल्या मुलींचा नको का?

प्रत्येक कॉलेजनं तलाव बांधावा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. पाणी गाळायचं, क्लोरीन टाकायचं, जीवरक्षक नेमायचा, हा रोजचा खर्च आहे. तो झेपला नाही तर तलावाचं डबकं व्हायला वेळ लागत नाही. पण नाशिकच्या उपकेंद्रात एक चांगला तलाव असावा. सुट्टीत तालुक्या-तालुक्यातल्या मुलींच्या तुकड्या तिथं बसनं न्याव्यात. मुलींसाठी वेगळी वेळ, शिकवायला बाई, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी, एवढं हवंच. पोहण्याचे अंगभर पोशाखही मिळतात, तेव्हा 'लोक काय म्हणतील' ही सबब पुरे झाली.

मैत्रिणींनो, लेकीच्या कॉलेजात पालकसभा असेल तेव्हा हा विषय काढाच. सायकल शिकवली, स्कूटी शिकवली, आता तिला पाण्यावर तरंगायलाही शिकवू या!