मुलांना अनोळखी माणसाची भीती घालून काय मिळालं?

आपल्याकडे मुलांच्या सुरक्षेचा धडा दोन वाक्यांत संपतो. अनोळखी माणसाशी बोलू नकोस, त्याने दिलेलं काही खाऊ नकोस. हट्ट करणाऱ्या पोराला झोपवायला मराठी घरात झोळीवाला बुवा येतो, आमच्या घरांत बोरीवाला बाबा. मी भिवंडीतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. वीस वर्षं मुलांच्या आणि त्यांच्या अम्मींच्या सहवासात काढल्यावर माझं मत असं झालं आहे की हा धडा अपुरा आहे, आणि तेवढ्यावरच थांबलो तर धोकादायकही आहे.

मागच्या वर्षी एक तास मोकळा मिळाला, म्हणून पाचवीच्या मुलांना ‘अनोळखी माणूस’ काढायला सांगितला. बहुतेकांच्या चित्रात पाठीवर पोतं होतं. मळके कपडे, पिंजारलेले केस, मोठे डोळे. दोघा-तिघांनी पांढरी गाडी काढली, कारण व्हॉट्सॲपवर गाडीचेच मेसेज फिरतात. बाई एकानेही काढली नाही. इस्त्रीचे कपडे घातलेला माणूसही कुणी काढला नाही. म्हणजे मुलं ज्याला घाबरतात तो माणूस गरीब असतो, फिरस्ता असतो आणि त्याच्या पाठीवर ओझं असतं.

आता हे चित्र मोठ्या माणसांच्या डोक्यात असलं की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. डमरू आणि झोळी घेऊन गावोगाव भिक्षा मागणारा हा समाज. मुलं पळवणारी टोळी आली, अशी आवई उठली आणि जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारलं. ज्या झोळीवाल्याची भीती आपण पाळण्यात घालतो, तो झोळीवाला तिथे खरोखरच आला होता. त्याने कुणाचं मूल नेलं नव्हतं.

त्याच रात्री मालेगावातही असाच जमाव जमला. तिथे एका लहान मुलासह पाच जण त्याच्या तावडीत सापडले होते. फरक एवढाच की त्यांना आसरा देणारी माणसं त्या मोहल्ल्यात निघाली आणि पोलीस वेळेत पोहोचले. जमाव मुसलमानांचा होता आणि वाचवणारेही त्यातलेच होते. मॉब लिंचिंग हा शब्द आपण एरवी फक्त आपल्यावर झालेल्या अत्याचारासाठी वापरतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक अनेकांना आठवत असेल. मोटरसायकलवर दोघे जण येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांमधून एकाला उचलतात आणि निघून जातात. तो भारतातला नव्हताच. कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली ती जाहिरात होती. मूळ चित्रफितीत ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि मूल किती सहज नेता येतं हे सांगणारा फलक धरतात. तो शेवट कुणीतरी कापला. मुलं सुरक्षित राहावीत म्हणून केलेल्या चित्रफितीने आपल्याकडे माणसं मारायला हातभार लावला. शिकवणीचा अर्धा भागच पोहोचला तर काय होतं, याचं याहून कडू उदाहरण माझ्याकडे नाही.

बरं, एवढी भीती घालून मुलं तरी वाचतात का? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी आकडे काढतो. पोक्सो कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत शंभरातले नव्वदहून अधिक आरोपी पीडित मुलाच्या ओळखीतले असतात. नातेवाईक, शेजारी, घरमालक, शिकवणीला बोलावणारा, रोज रिक्षाने सोडणारा. 2024 च्या ऑगस्टमध्ये ज्या बदलापूर प्रकरणाने राज्य हादरलं, तिथला आरोपीही बाहेरचा नव्हता, शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. त्या चिमुरड्यांना तो ‘दादा’ म्हणून माहीत होता.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजात बोललीच जात नाही, ती मुलग्यांची. 2007 साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कसल्या ना कसल्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा थोडी जास्तच होती. आपण मुलीला सात पडद्यांत ठेवतो आणि आठ वर्षांच्या मुलाला रात्री दहा वाजता कारखान्यात डबा द्यायला पाठवतो. ‘मुलगा आहे, त्याला काय होणार?’ हे वाक्य मी पालकसभेत इतक्यांदा ऐकलं आहे की आता सभेच्या सुरुवातीलाच मी 2007 चा आकडा सांगून टाकते.

तर मग शिकवायचं काय? माझ्या मते पहिला धडा ‘नाही’ म्हणण्याचा आहे, आणि तो ओळखीच्या माणसाला म्हणण्याचा. आपल्या घरांत हा सर्वात अवघड, कारण मध्ये अदब येतो. मामू आले, सलाम कर, गळ्यात पड, मांडीवर बस. मूल अंग चोरतं, तरी आपण ढकलतो. अदब सलामाने राखला जातो, त्यासाठी अंगाला हात लावू देण्याची सक्ती लागत नाही. उलट आपल्या दीनने मुलांच्या आणि मोठ्यांच्या एकांताची जेवढी बारीक काळजी घेतली आहे, तेवढी आपण घेत नाही. सूरह नूरमध्ये दिवसाच्या तीन वेळा सांगितल्या आहेत, ज्या वेळी लहान मुलांनीही परवानगी घेतल्याशिवाय खोलीत यायचं नाही. दहाव्या वर्षी मुलांची अंथरुणं वेगळी करायला हदीस सांगते. भिवंडीच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात, हे मला ठाऊक आहे, मीही तिथेच वाढले. तरी कोण कुणाशेजारी झोपणार, गावाहून आलेल्या पाहुण्याचं अंथरूण कुठे पडणार, हे ठरवायला जागा लागत नाही, लक्ष लागतं.

दुसरी अडचण भाषेची. शरीराच्या भागांना नावंच नाहीत. बी. एड.च्या वर्षात आम्हाला बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर होता, पण मूल ‘इथे दुखतं’ म्हणून खाली बोट दाखवेल तेव्हा बाईंनी काय विचारायचं, हे त्यात नव्हतं. घरात जे शब्द असतात ते एक तर शिव्या तरी असतात किंवा लाडाची टोपणनावं. मी वर्गात ‘शर्मगाह’ हा शब्द वापरते. तो मुलांनी मदरशात ऐकलेला असतो, त्यामुळे कुणी खिदळत नाही आणि घरी जाऊन सांगितला तरी कुणी भांडायला येत नाही. मूल स्वच्छ शब्दांत सांगू शकलं तरच मोठ्यांना वेळेवर कळतं.

बाकी साध्या गोष्टी आहेत. आईबापाचा एक तरी फोन नंबर तोंडपाठ. ‘अम्मीला सांगू नकोस’ असं जो म्हणेल त्याची गोष्ट आधी अम्मीला सांगायची, मग तो कुणीही असो. उरुसात किंवा बाजारात हरवलं तर जागा सोडायची नाही, आणि मदत मागायची तर लेकरं बरोबर असलेल्या बाईकडे किंवा दुकानदाराकडे. इथे ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हा नियम आडवा येतो. हरवलेल्या मुलाला वाचवणारा माणूस जवळजवळ नेहमी अनोळखीच असतो.

आणि पोलीस? जेवत नाही म्हणून पोलीसला बोलावू का, असं म्हणत आपण मूल वाढवतो आणि मग संकटात पोलिसाकडे जा म्हणून सांगतो. आमच्या वस्तीत ही भीती फक्त मुलांची नाही. 2006 साली निजामपुऱ्यात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जे झालं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली आणि नंतर जमावाच्या हातून दोन पोलीस शिपाई मारले गेले. ते आठवणारे लोक आजही ठाण्याच्या दारातून जाताना पलीकडच्या बाजूने जातात. अशा मोहल्ल्यात एखाद्या मुलाबाबत काही घडलं तर बाप आधी जमातच्या बुजुर्गांकडे जातो.

असं एक प्रकरण माझ्यासमोर आलं. मूल आमच्या शाळेतलं, माणूस त्याच्याच चाळीतला. यापेक्षा जास्त लिहिणार नाही. बुजुर्गांनी मिटवायचं ठरवलं होतं. त्या माणसाने खोली सोडावी, मुलाचं नाव कुठे येऊ नये, इज्जतीचा सवाल आहे. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण तो माणूस दुसऱ्या चाळीत खोली घेणार होता आणि तिथेही मुलं होती. शिवाय पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे ज्याला गुन्हा कळला त्याला पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मी ते मुख्याध्यापकांसमोर लिहून दिलं. मुलाची आई रडत होती, तिला एकच भीती होती, की पोरगं ठाण्यात जाईल आणि सगळी गल्ली बघेल. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की कलम 24 प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, नाव छापता येत नाही. ठाण्यात आधी ‘उद्या या’ असंच उत्तर मिळालं. कलमाचा कागद पुढे केल्यावर त्याच संध्याकाळी साध्या सलवार-कमीजमध्ये एक महिला उपनिरीक्षक आली, चहा प्यायली आणि दीड तास त्या मुलाशी बोलत बसली. गल्लीला ती कुणाची खाला वाटली. खटला अजून चालू आहे.

कायद्यात हे सगळं 2012 पासून आहे. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन 1996 साली आपल्याच मुंबईत सुरू झाली. शाळेत सखी सावित्री समिती असावी, असा सरकारचा 2022 चा निर्णय आहे. कागदावर कमी नाही. बदलापुरात पालकांना तक्रार नोंदवायला तासन्‌तास बसावं लागलं, ते कागद नव्हता म्हणून नव्हे.

भिवंडीला याबाबत सांगायला लाज वाटू नये असा इतिहास आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी बदनाम झालेल्या या गावात 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून त्यांनी यंत्रमाग कामगार, टपरीवाले, शिक्षक अशी दोन्ही समाजांतली साधी माणसं घेतली आणि बीटवरच्या शिपायाला त्यांच्यात बसवलं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्याच धर्तीवर नंतर मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटी चळवळ चालवली. त्यात मुंबईच्या अनेक वस्त्यांनी पोलिसांना पहिल्यांदा खुर्चीवर बसून बोलताना पाहिलं.

आज त्या कमिटीचं जे उरलं आहे ती शांतता समिती. ती गणेशोत्सवाआधी आणि ईदच्या आधी भरते. पहिल्या रांगेत नगरसेवक, मग ट्रस्टी, मग फोटो. लाऊडस्पीकर, मिरवणुकीचा रस्ता आणि कुर्बानीची जागा यांवर दोन तास जातात. मुलांचा विषय मी तिथे कधी ऐकला नाही आणि बायका बहुधा असतच नाहीत. ज्यांना गल्लीतलं सगळं आधी कळतं त्या अम्मी आणि खाला घरी असतात. मोहल्ला आणि पोलीस यांच्यात जो दुवा आहे तो दंगलीपुरताच राहिला आहे. ठाण्याचं दार एरवी ज्याने कधी पाहिलंच नाही, तो मुलाच्या बाबतीत ते एकाएकी कसं ठोठावणार?

काही तरुणांनी यावर स्वतःचा उपाय काढला आहे, रात्रीची गस्त. कचरा वेचणाऱ्यांना, भंगारवाल्यांना थांबवून आधार कार्ड मागायचं. माझा याला साफ विरोध आहे. हेच दुसऱ्या गावात आपल्या मुलांना थांबवून केलं जातं, तेव्हा आपल्याला कसं वाटतं? गस्तीला पोतंवाला दिसतो, चाळीतला माणूस दिसत नाही. अफवेचा मेसेज आला तर तो पुढे न ढकलता बीटच्या शिपायाला फोन करून विचारायचं, एवढं जरी या पोरांनी केलं तरी राईनपाड्यापासून आपण दोन पावलं दूर जाऊ.

आमच्या शाळेतल्या काही शिक्षिकांनी आणि पालकांनी ठाण्याला एक अर्ज दिला आहे. महिला शिपायाने महिन्यातून एकदा शाळेत यावं, भाषण न देता मधल्या सुट्टीत मुलांत बसावं. बाल कल्याण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन मशिदीच्या, शाळेच्या आणि मंदिराच्या फलकावर उर्दू, मराठी आणि हिंदीत लावावा. आणि समितीत चार आया घ्याव्यात. चौघींची नावं आम्ही सोबत जोडली आहेत, एक विडी वळते, एकीची पिठाची गिरणी आहे. ठाण्यातून ‘वरिष्ठांना विचारतो’ असं उत्तर आलं आहे. पुढची बैठक ईद-ए-मिलादच्या आधी लागेल. चौघीही येणार आहेत, बोलावणं आलं तरी आणि नाही आलं तरी.