खुलासाही त्याच पानावर छापावा : भारतीय प्रेस परिषदेस निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय प्रेस परिषद,
सूचना भवन, लोधी रोड, नवी दिल्ली.

विषय : वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी मुदतीत निकाली काढून निर्णय त्याच वृत्तपत्रात ठळकपणे छापून घेण्याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही मयूर विहार फेज 1 मधील मराठी रहिवासी खालील निवेदन सादर करीत आहोत.

त्रिलोकपुरीहून आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या एखाद्या बाईवर चोरीचा आळ येतो आणि दुसऱ्या दिवशी शहराच्या पानावर तिचे नाव, गल्ली, छायाचित्र झळकते. पुढे ती निर्दोष ठरली, तरी खुलासा आतल्या पानात दोन ओळींचा. तोवर तिची सगळी कामे सुटलेली असतात. कोर्टकचेरी तिला परवडत नाही; दाद मागायला परिषदच उरते.

1978 च्या प्रेस परिषद कायद्याच्या कलम 14 नुसार परिषद ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. वृत्तपत्रांवर सरकारचा अंकुश असावा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आणीबाणीत परिषदच बरखास्त झाली होती, हे आम्ही विसरलेलो नाही. पण स्वनियमन टिकायचे, तर त्याचा वचक दिसला पाहिजे. तो दिसत नाही, याचे उदाहरण जवळचेच आहे : 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर प्रतिस्पर्धी दैनिकांत बातमी म्हणून जसाच्या तसा छापला गेला. पैसे घेऊन छापलेल्या अशा बातम्यांवरील, म्हणजे ‘पेड न्यूज’वरील, आपल्याच उपसमितीचा 2010 चा सविस्तर अहवाल जाहीर व्हायला मात्र 2011 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला.

आमच्या मागण्या :

1. कलम 14(2) नुसार निर्णय छापायला लावण्याचा अधिकार परिषदेला आहेच. तो प्रत्येक सिद्ध तक्रारीत वापरावा. मूळ बातमीचेच पान आणि तेवढीच जागा ठरवून द्यावी.
2. दैनिकाविरुद्ध तक्रार दाखल करायला तक्रारदाराला दोन महिन्यांची मुदत पाळावी लागते. परिषदेनेही निकालासाठी मुदत बांधून घ्यावी.
3. तक्रारीला जोडलेल्या मराठी कात्रणासोबत इंग्रजी भाषांतराची अट काढावी. ते काम परिषदेने करावे.
4. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील मूळ बातमीलाही निर्णय जोडायला लावावा.
5. कोणत्या वृत्तपत्राने निर्णय छापला, कोणी टाळला, याची यादी दरवर्षी 16 नोव्हेंबरला, राष्ट्रीय पत्रकार दिनी, प्रसिद्ध करावी.

यातील बहुतेक मागण्यांसाठी नव्या कायद्याची गरज नाही, परिषदेचा निर्धार पुरेसा आहे. केलेली कार्यवाही आम्हास लेखी कळवावी, ही विनंती.

आपले नम्र,
मराठी रहिवासी, मयूर विहार फेज 1, दिल्ली